डीसी सप्लायचे मॉड्यूल घेतले, पण त्याला वीज कोठून देणार?

मोबाइल, सेट-टॉप बॉक्स, ब्लूटूथ स्पीकर, लॅपटॉप अशा वस्तूंच्या दुरुस्तीचा धंदा थोड्या भांडवलात सुरू करता येतो. म्हणून आपले अनेक तरुण या धंद्याकडे वळत आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) गारखेडा भागात सूतगिरणी चौकापासून पुंडलिकनगरपर्यंत चक्कर मारली, तर अर्ध्या शटरच्या गाळ्यात एक टेबल, एक दिवा, सोल्डरिंग आयर्न आणि मल्टीमीटर एवढ्यावर बसलेले कारागीर दिसतात.

या टेबलावर एक वस्तू फार कामाची असते, ती म्हणजे डीसी पॉवर सप्लाय. वस्तूची बॅटरी काढून तिला बाहेरून हवा तेवढा व्होल्टेज आणि मोजका करंट द्यायचा व दोष कोठे आहे ते पाहायचे, हे तिचे काम. तयार सप्लाय महाग पडतो. म्हणून बरीच मुले फक्त त्याचे मॉड्यूल मागवतात. पुढे आकडे दाखवणारा लहान पडदा, दोन-तीन बटणे, फिरवायची एक कळ आणि तारा जोडायला चार स्क्रू, असे त्याचे रूप असते. मात्र हे मॉड्यूल थेट भिंतीच्या प्लगला जोडता येत नाही. त्याला आधी दुसरीकडून डीसी वीज द्यावी लागते. ती कोठून द्यावी याचा विचार न केल्यामुळे अनेकांचे पैसे वाया जातात. कधी गिऱ्हाईकाची वस्तू जळते आणि कधी जिवावरही बेतते.

माझ्या भाच्याचेच उदाहरण देतो. त्याने गारखेड्यात गाळा भाड्याने घेतला. अनामत मी भरली. त्याने एक मॉड्यूल मागवले. सेट-टॉप बॉक्ससाठी १२ व्होल्ट लावले, तर पडदा अकराच्या वर जाईना. मोबाइलचा बोर्ड लावला की जरा करंट वाढताच पडदा विझे आणि पुन्हा लागे. मॉड्यूल खराब आहे असे समजून त्याने दुसरे मागवले. त्याचेही तेच. मग माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामू, हे पण खराब निघाले. आता मोठे घ्यावे लागेल, थोडे पैसे द्या."

मी कापडाचा व्यापारी. विजेचे शिक्षण घेतलेले नाही. पण दोन वेगवेगळ्या मीटरपट्ट्यांनी मोजून कापड तेवढेच कमी भरत असेल, तर खोट पट्टीत नसून ताक्यात आहे एवढे मला कळते. मी विचारले, "बेटा, या दोन्हींना वीज कोठून देतोस?" त्याने घरातल्या इंटरनेट राउटरचा जुना ॲडॅप्टर दाखवला. त्यावर लिहिले होते: १२ व्होल्ट, १ ॲम्पिअर. मग आम्ही दोघे एका जुन्या रेडिओ-टीव्ही कारागिरासमोर बसलो आणि सगळा हिशेब समजून घेतला. तोच हिशेब येथे वाचकांसमोर ठेवतो.

मॉड्यूल वीज तयार करीत नाही

पहिली गोष्ट ही की मॉड्यूल वीज तयार करीत नाही. आलेली वीज ते फक्त मापून देते. मीटरपट्टी कितीही अचूक असली तरी ताक्यातले कापड वाढत नाही.

विजेचे खरे माप वॅट होय. व्होल्टला ॲम्पिअरने गुणले की वॅट मिळतात. राउटरचा ॲडॅप्टर १२ गुणिले १ म्हणजे १२ वॅटचा. भाच्याला मोबाइलच्या बोर्डाला ४.२ व्होल्टवर ३ ॲम्पिअर द्यायचे होते, म्हणजे १२.६ वॅट. मॉड्यूल स्वतःही थोडी वीज उष्णतेत घालवते. शंभरातले सुमारे ८५ ते ९० पुढे जातात असे धरावे. ८५ धरले तर त्याला आत जवळजवळ १५ वॅट हवे होते. ॲडॅप्टर १२ चा. म्हणून तो दम तोडत होता आणि पडदा विझत होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मॉड्यूल ५ ॲम्पिअरचे आहे म्हणून त्याला वीज देणारा स्रोतही ५ ॲम्पिअरचाच हवा, असे अनेकांना वाटते. तसे नाही. स्विचिंग पद्धतीचे मॉड्यूल व्होल्टेज कमी करते तेव्हा करंट वाढवून देते. ४ व्होल्टवर ५ ॲम्पिअर म्हणजे २० वॅट. त्यासाठी आत साधारण साडेतेवीस वॅट लागतात. स्रोत २४ व्होल्टचा असेल तर तो फक्त १ ॲम्पिअरच्या आसपास देतो. आत एक, बाहेर पाच; तरीही हिशेब बरोबर. मात्र एलएम ३१७ किंवा एलएम ३३८ यांसारख्या जुन्या पद्धतीच्या चिपवर बनवलेल्या सप्लायमध्ये असे होत नाही. तेथे जेवढा करंट बाहेर, तेवढाच आत, आणि उरलेला व्होल्टेज सगळा उष्णतेत जातो. २४ व्होल्टमधून ४ व्होल्टवर ३ ॲम्पिअर घेतले तर ६० वॅट नुसती चिप तापवण्यात जातील.

आधी काम ठरवावे

बाजारात जाण्यापूर्वी आपण कोणती दुरुस्ती करणार हे कागदावर लिहावे. मोबाइलच्या बोर्डाला सुमारे ३.७ ते ४.४ व्होल्ट लागतात. सेट-टॉप बॉक्स, राउटर, सीसीटीव्ही कॅमेरा बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. लॅपटॉपला १९ ते २० व्होल्ट लागतात. फक्त मोबाइल करणाऱ्याचे काम लहान स्रोतावर भागते. लॅपटॉपही करणाऱ्याला मोठा लागतो.

सर्वांत जड कामाचा हिशेब करावा. समजा २० व्होल्टवर ५ ॲम्पिअर हवे आहेत. म्हणजे बाहेर १०० वॅट. त्याला ०.८५ ने भागले तर आत सुमारे ११८ वॅट. त्यावर पाव हिस्सा राखीव धरला की १४७, म्हणजेच १५० वॅटचा स्रोत घ्यावा. २४ व्होल्टमध्ये हा सव्वासहा ॲम्पिअरचा होतो. राखीव हिस्सा म्हणजे उधळपट्टी नव्हे. जो बैल रोज पूर्ण ताकदीने ओढतो तो लवकर बसतो.

व्होल्टेज: थोडा जास्त, फार जास्त नाही

बाजारातली बहुतेक मॉड्यूल व्होल्टेज फक्त उतरवतात, चढवत नाहीत. म्हणून स्रोताचा व्होल्टेज हव्या असलेल्या व्होल्टेजपेक्षा निदान दहा टक्के जास्त असावा. १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरमधून १२ व्होल्ट पूर्ण मिळत नाहीत, अकराच्या आतच थांबतात. भाच्याचा सेट-टॉप बॉक्स याच कारणाने चालत नव्हता. १९ व्होल्टमधून साधारण १७ पर्यंत आणि २४ मधून साधारण २१-२२ पर्यंत मिळतात.

पण जास्त म्हणजे हवा तेवढा जास्तही चालत नाही. प्रत्येक मॉड्यूलची आत येणाऱ्या व्होल्टेजची कमाल मर्यादा असते. ती ओलांडली की ते क्षणात जाते. एक्सएल ४०१५ चिपवरचे स्वस्त मॉड्यूल ३६ व्होल्टपर्यंतच घेते. डीपीएस ५००५ हे ६ ते ५५ व्होल्ट घेते आणि ५० व्होल्ट, ५ ॲम्पिअरपर्यंत देते. आरडी ६००६ हे ७० व्होल्टपर्यंत घेते आणि ६० व्होल्ट, ६ ॲम्पिअरपर्यंत देते. मर्यादेला टेकून स्रोत घेऊ नये. आणि मॉड्यूल ५० व्होल्टचे आहे म्हणून स्रोतही त्याच्या तोडीचाच हवा असेही नाही. ज्याला २० च्या वर कधी जायचेच नाही, त्याला २४ व्होल्टचा स्रोत पुरे.

स्रोत कोणते आणि कोणाला कोणता

पहिला, जुना लॅपटॉप ॲडॅप्टर. १९ व्होल्ट, ३.४२ ॲम्पिअर म्हणजे ६५ वॅटचा ॲडॅप्टर अनेकांच्या घरी पडलेला असतो. मोबाइल आणि सेट-टॉप बॉक्सच्या कामाला तो उत्तम. चारही बाजूंनी बंद असल्यामुळे हात लागण्याची भीती नसते. तार कापून जोडताना मल्टीमीटरने धन आणि ऋण पाहून घ्यावे. काही ॲडॅप्टरच्या पिनमध्ये आणखी एक बारीक पिन असते. ती लॅपटॉपला ओळख देण्यासाठी असते, विजेसाठी नव्हे. तिची तार वेगळी गुंडाळून ठेवावी.

दुसरा, जाळीदार पत्र्याच्या पेटीतला एसएमपीएस, जो सीसीटीव्ही आणि दुकानांच्या एलईडी पाट्यांना वापरतात. १२, २४, ३६, ४८ व्होल्टमध्ये मिळतो. वॅटच्या मानाने स्वस्त. सर्व प्रकारच्या कामाच्या टेबलाला २४ व्होल्ट, १५० वॅटचा घ्यावा. मात्र याच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट उघडे असतात. म्हणून तो पेटीत बसवल्याशिवाय चालू करू नये. काहींच्या बाजूला ११५ आणि २३० चा लहान स्विच असतो. तो २३० वर आहे हे आधी पाहावे. ११५ वर राहिला तर प्लग लावताच एसएमपीएस जळून जातो.

तिसरा, ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कॅपॅसिटर. जड आहे, पण स्विचिंगची खरखर देत नाही. याच्यामागे मॉड्यूलही स्विचिंगचेच लावले तर हा फायदा बराचसा जातो. म्हणून रेडिओ आणि ॲम्प्लिफायरचे काम करणाऱ्यांनी ट्रान्सफॉर्मरला एलएम ३३८ सारखी जुनी पद्धत जोडावी आणि उष्णतेसाठी मोठा हीट सिंक द्यावा. हिशेबात येथे अनेकांची चूक होते. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले २४ व्होल्ट एसी असतात. ब्रिज आणि कॅपॅसिटरनंतर ते २४ गुणिले १.४१४, वजा ब्रिजचे १.४, म्हणजे साडेबत्तीस व्होल्ट डीसी होतात. भार नसताना आणि लाइनचा व्होल्टेज वाढलेला असताना ते चाळीसच्या जवळ जातात. ३६ च्या मर्यादेचे मॉड्यूल तेथे टिकणार नाही. त्याला १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. तो डीसी २४ च्या आसपास देतो. शिवाय ५ ॲम्पिअरच्या ट्रान्सफॉर्मरकडून डीसीचे सुमारे ३ ॲम्पिअरच सतत घ्यावेत. ३ ॲम्पिअरला १०,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला तरी व्होल्टेज सुमारे ३ व्होल्टपर्यंत खालीवर होतो, हेही धरून चालावे.

चौथा, बॅटरी. वीज गेली तरी काम चालू राहते. यूपीएसच्या १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की २४ व्होल्ट होतात. परंतु बॅटरीला लगाम नसतो. शॉर्ट झाले तर तार लाल होईपर्यंत करंट देते. म्हणून धन टोकाला अगदी लागूनच फ्यूज हवा.

आजकाल लोक टाइप-सी चार्जरही वापरतात. पीडी पद्धतीचा चार्जर ५, ९, १५, २० व्होल्ट देऊ शकतो. पण मागितल्याशिवाय तो ५ व्होल्टच देतो, आणि ६ व्होल्टच्या खाली डीपीएससारखी मॉड्यूल सुरूच होत नाहीत. २० व्होल्ट मागणारा लहान ट्रिगर बोर्ड मध्ये लावावा लागतो. १०० वॅटसाठी केबलही ५ ॲम्पिअरची हवी.

दोन गोष्टी मात्र कधीच वापरू नयेत. एक, एलईडी बल्बचा किंवा पॅनेलचा ड्रायव्हर. तो ठराविक करंट देण्यासाठी असतो, ठराविक व्होल्टेजसाठी नव्हे. आणि अनेक स्वस्त ड्रायव्हर मेन लाइनपासून वेगळे केलेलेच नसतात. दोन, डिमर. त्याचे पुढचे टोक थेट घरच्या लाइनला जोडलेले असते. मॉड्यूल स्वतः हे वेगळेपण देत नाही. ते स्रोताकडूनच यावे लागते. अशा टेबलावरची मोबाइलची क्लिप हातात धरणे म्हणजे भिंतीतली तार हातात धरण्यासारखे आहे.

अर्थिंगकडे दुर्लक्ष नको

भाच्याने बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगितली. बोर्डाच्या पत्र्याला बोट लागले की मुंग्या येत. त्याला ते काहीच वाटले नव्हते. वास्तविक टू-पिनच्या एसएमपीएसमध्ये मेन लाइन आणि डीसी बाजू यांच्यामध्ये खरखर दाबण्यासाठी एक लहान कॅपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा करंट गळतो. अर्थिंग नसेल तर डीसीची बाजू जमिनीच्या मानाने मेन लाइनच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. चांगल्या मालात हा करंट इतका कमी असतो की माणसाला फक्त मुंग्या येतात, पण नाजूक चिप यानेही मरू शकते. गिऱ्हाईक म्हणते, "आणला तेव्हा चालू होता." आपण काय उत्तर देणार? आणि माल हलका असेल, आतला कॅपॅसिटर साधा लावलेला असेल, तर तो शॉर्ट होताच या मुंग्यांच्या जागी पूर्ण २३० व्होल्टचा झटका येतो.

उपाय सोपा आहे. थ्री-पिनचा प्लग लावावा आणि एसएमपीएसच्या अर्थिंगच्या स्क्रूला हिरवी तार जोडावी. पण भाड्याच्या गाळ्यात प्लगला तिसरे भोक असते आणि त्यामागे तारच नसते, असे पुष्कळदा आढळते. वायरमन बोलावून ते तपासून घ्यावे. त्याच वेळी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. करंट अंगातून जमिनीकडे जाऊ लागला तर तो लाइन तोडतो. हा खर्च एकदाच होतो.

तार, फ्यूज आणि उन्हाळा

स्रोत चांगला आणि तार बारीक, तर सुताच्या खोटीने कापड बिघडावे तसे होते. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचे मीटरभर जाणे-येणे धरले तर ५ ॲम्पिअरला ०.१७ व्होल्ट गळतात. बाजारातल्या खेळण्यासारख्या क्लिपच्या तारा बऱ्याच बारीक असतात. ०.२ चौरस मिलिमीटरच्या तारेत तेवढ्याच अंतरात ०.८६ व्होल्ट गळतील. पडदा ४.२ दाखवील आणि बोर्डाला ३.३ मिळतील. कारागीर मग बोर्डात नसलेला दोष शोधत बसेल. म्हणून तारा आखूड आणि जाड असाव्यात.

स्रोत आणि मॉड्यूल यांच्यामध्ये फ्यूज लावावा. वरच्या उदाहरणात आत सुमारे ५ ॲम्पिअर जातात, तेथे ६.३ ॲम्पिअरचा स्लो फ्यूज ठीक.

मराठवाड्याचा मे महिना कोणाला सांगायला नको. बाहेर चाळिशी ओलांडली की पत्र्याच्या गाळ्यात आणि त्यातही बंद पेटीत तापमान फार वर जाते. बहुतेक एसएमपीएसची पूर्ण ताकद ठराविक तापमानापर्यंतच मिळते, पुढे ती घटत जाते. पेटीला वरखाली छिद्रे ठेवावीत आणि राखीव पाव हिस्सा सोडू नये.

एक सूचना आणखी. एकाच स्रोतावर दोन मॉड्यूल लावून त्यांच्यातून धन आणि ऋण असे दोन वेगळे सप्लाय काढण्याचा प्रयत्न करू नये. आतून त्यांची ऋण बाजू एकच असते, शॉर्ट होते. दोन वेगळे सप्लाय हवे असतील तर दोन वेगळे स्रोत घ्यावेत.

माल पारखून घ्यावा

कापड घेताना आपण लेबल वाचून थांबत नाही, ताका उलगडून पाहतो. येथेही तसेच करावे. लेबलवरचे वॅट आणि व्होल्ट गुणिले ॲम्पिअर जुळतात का पाहावे. वजन हातात घेऊन पाहावे. त्याच वॅटचा एक एसएमपीएस दुसऱ्याच्या निम्म्या वजनाचा असेल तर आत काहीतरी कमी आहे. लॅपटॉपच्या ॲडॅप्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर मानक चिन्हाजवळ 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो पाहावा.

खरी परीक्षा भाराखाली होते. गाडीचे १२ व्होल्ट, २१ वॅटचे दोन बल्ब एकापुढे एक जोडले की २४ व्होल्टवर ४२ वॅटचा भार होतो. अशा तीन जोड्या शेजारी शेजारी लावल्या की १२६ वॅट. थंड बल्ब सुरुवातीला जास्त ओढतो म्हणून एक एक जोडी लावावी. अर्धा तास चालवावे. १५० वॅटच्या स्रोताचा व्होल्टेज २४ च्या जवळच टिकला, जळका वास आला नाही, तर माल खरा. बल्ब तापतात, तेव्हा ते कागद-कापडापासून दूर ठेवावेत.

शेवटी भाच्याने तिसरे मॉड्यूल घेतले नाही. त्याच पैशात २४ व्होल्टचा एसएमपीएस, पेटी, फ्यूज, जाड तारा आणि गाळ्याचे अर्थिंग झाले. खराब ठरवलेली दोन्ही मॉड्यूल आज चालू आहेत. एक एसएमपीएसवर, आणि दुसरे फक्त मोबाइलसाठी जुन्या लॅपटॉप ॲडॅप्टरवर.

जे तरुण या धंद्यात उतरत आहेत त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी पाच गोष्टी एका चिठ्ठीवर लिहाव्यात: सर्वांत जास्त किती व्होल्ट हवे, किती ॲम्पिअर हवे, त्यावरून राखीव धरून किती वॅट झाले, मॉड्यूल आत जास्तीत जास्त किती व्होल्ट घेते, आणि आपल्या गाळ्यात अर्थिंग आहे की नाही. ही चिठ्ठी खिशात असेल तर दुकानदार काहीही दाखवो, आपली निवड चुकणार नाही.